ढाकुलकर वकील मुदत मागत नाहीत

ढाकुलकर वकिलांच्या सासूबाई माझ्या मशीनवर चारदा वारल्या. पहिल्या वेळेस मला खरंच वाईट वाटलं. टाइप करता करता हात थांबला माझा. म्हटलं, "साहेब, घरून तसेच निघाले असाल, चहा तरी घ्या." तर म्हणाले, "घेतो ना. अद्रक टाकाले सांगा त्याले. आन् कुसुमताई, अर्जात 'अकस्मात' टाका. अकस्मातनं वजन येते."

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई भलतंच बोलून राहिली. अमरावतीच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली माझं टेबल. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे, टेबल तेच. शिक्षण सातवी. बाकीचं मराठी मी लोकांचे अर्ज टाइप करकरून शिकले, म्हणून माझ्या लिहिण्यात मधूनच 'सबब' नाहीतर 'येणेप्रमाणे' घुसतं, ते चालवून घ्या.

तर वकिलाला त्या दिवशी केस चालवायची नसली की तो मुदतीचा अर्ज देतो. कारण सांगायचं आणि पुढची तारीख मागायची. सगळेच देतात. पण दुसरे वकील अडचण आली म्हणून मुदत मागायचे. ढाकुलकर साहेब आधी मुदत मागायची ठरवायचे आणि मग अडचण शोधायला माझ्याकडे यायचे. सकाळी लुना लिंबाला टेकवायची, कोटाची बटणं लावत टेबलाशी यायचं आणि विचारायचं, "ताई, आज मले काय झालं?"

मी म्हणायची, "परवा पोट दुखलं, सोमवारी ताप होता."

"मंग आज कंबर धरली लिहा. कंबरेले डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नाई."

त्यांचे अर्ज मी आधीच टाइप करून गठ्ठा करून ठेवायची. कारणाची जागा तेवढी कोरी. इतके अर्ज त्या आवारात दुसऱ्या कोणाचे जात नसत, त्यामुळे बाररूममध्ये त्यांना 'तारीखवाले' म्हणायचे. त्यांना राग नाही यायचा. म्हणायचे, "नावानं तरी ओळखतात. तुमच्यातल्या अर्ध्या लोकाले तर पक्षकारबी ओळखत नाई."

आणि ही मुदत हवी कशाला असायची? जेवायला! दुसरं काही नाही. दारू नाही, पत्ते नाहीत. जेवण. त्यातही रोडगे. इथल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरचं कोणी वाचत असेल तर सांगते. जाड्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात चुरायचे, आणि सोबत वांग्याची भाजी, अशी की नाक गळलं पाहिजे. कोणाचा नवस फिटला, कोणाच्या पोराला नोकरी लागली, की कोणाच्या तरी शेतात रोडगे. भातकुलीकडे असो की चांदूर रेल्वेकडे, ढाकुलकर साहेबांना आवतण असायचंच. आणि नुसते जेवायचे नाहीत हो! सकाळी जाऊन आचाऱ्याजवळ बसायचे. गोवरी कुठल्या गुराची, कणीक किती जाडी, विस्तव बसून निखारा झाला की नाही, सगळं पाहायचे. कोट घालूनच. त्यांच्या कोटाला वास यायचा गोवरीच्या धुराचा. जज साहेबांच्या समोर उभे राहिले की पहिल्या बाकावरचे लोक आपोआप भुकेले व्हायचे.

कागद कशात, तर बियाण्याच्या कंपनीच्या कापडी पिशवीत. वर सुधारित कपाशीचं चित्र, आत लोकांची नशिबं.

सासूबाईंचं चौथं मरण मात्र फसलं. त्या राहायच्या अकोल्याला. डोळे दाखवायला म्हणून न सांगताच अमरावतीला आल्या. लेकीच्या घराला कुलूप. म्हणून चावी मागायला थेट कोर्टात. शिपायाला विचारलं, "आमचे जावई ढाकुलकर कुठं बसतात, बाप्पा?" शिपाई मोठा सरळ माणूस. त्याने म्हातारीचा हात धरला, कोर्टहॉलमध्ये नेलं आणि जज साहेबांना सांगितलं, "साहेब, ढाकुलकर साहेबाच्या सासूबाई आल्या."

जज साहेबांच्या हातात तेव्हा माझाच अर्ज होता. त्यांनी अर्ज वाचला. म्हातारीकडे पाहिलं. परत अर्ज वाचला.

"बसा आजी. प्रकृती कशी आहे?"

"बरी हाय. गुडघे तेवढे दुखतात."

"एवढंच ना? कोर्टाला समाधान वाटलं."

साहेब तिकडे कोणाच्या शेतात तुपात बोटं बुडवून बसलेले. दुसऱ्या दिवशी पुकारा झाला, हे उभे राहिले, तर जज साहेब म्हणाले, "ढाकुलकर, तेरवीला आम्हाला बोलवा. सासूबाई स्वतः वाढणार असतील तर नक्की येतो."

म्हातारी पण काही कमी नव्हती. माझ्या टेबलाशी येऊन बसली, चहा बशीत ओतला आणि विचारलं, "किती खेपा मारलं मले यानं?"

"चार," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

"मंग पुढल्या खेपेस सासऱ्याचं नाव टाकत जा म्हणा. ते तसेबी गेले हायेत, त्याईले काई फरक पडत नाई."

असं हसत खेळत चाललं होतं. मी पण हसत होते, हे कबूल केलं पाहिजे. कारणं मीच तर टाइप करत होते.

धारणीकडचा एक कोरकू माणूस होता, कासदेकर म्हणून. सागवान तोडल्याचा आरोप, जेलमध्ये होता. वकील लावायची ऐपत नाही, म्हणून कोर्टानेच मोफत मदतीत ढाकुलकर साहेबांना नेमलं होतं. जामिनाच्या अर्जावर सुनावणी होती आणि त्याच दिवशी कोणाच्या तरी शेतात रोडगे होते. साहेबांची त्या दिवशी कंबर धरली. मीच धरवली. तीन आठवडे पुढची तारीख पडली.

त्या तीन आठवड्यांत कासदेकरची आई गेली. खोटी नाही. खरी.

पुढच्या तारखेला जामीन पाच मिनिटांत झाला. पाच मिनिटं! कासदेकरची बायको धारणीहून एस.टी.ने आली होती. हॉलच्या बाहेर साहेबांसमोर येऊन उभी राहिली. चिडली नाही, रडली नाही. तिकडच्या हिंदीत विचारलं, "साब, तू उस दिन कहाँ था?"

साहेबांना शंभर कारणं तोंडपाठ होती. एकही बाहेर आलं नाही.

संध्याकाळी माझ्या टेबलाशी आले, कोऱ्या अर्जांचा गठ्ठा उचलला आणि शेजारच्या चहावाल्याच्या भट्टीत घातला. चहावाला म्हणाला, "साहेब, लाकडं हायेत ना!" त्या दिवसापासून त्यांनी मुदत मागणं सोडलं. रोडगेही सोडले. पण त्याबरोबर कोर्टात उभं राहणंच सोडलं ना! केस घ्यायचेच नाहीत. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नावातल्या दुरुस्त्या, एवढंच. दहा-बारा वर्षं अशी गेली. पक्षकार तुटले. कोट पिवळा पडला. मी कितीदा म्हटलं, "साहेब, तुम्ही बोलता चांगले, उभे राहत जा." तर म्हणायचे, "ताई, उभं राहाच्या दिवशी जो उभा राह्यला नाई, त्यानं लोकाचा जीव हाती घेऊ नये. मले भाडेकरारच बरे. त्यात कोनाची माय मरत नाई."

आता अकोल्याचं सांगते.

अकोल्याला माझी बहीण सिंधू राहते. तिच्या घरामागे रुख्माबाई. नवरा नाही, एक लेक शिकते आहे. रुख्माबाई एका खाजगी शाळेत शिपाई, दुपारच्या पाळीत. सकाळी लोकांकडे कार्याच्या घरी भांडी, भाजी चिरणं असलं काम करायची. तर एका कंत्राटदाराच्या बंगल्यावर रोडग्याचं जेवण होतं, तिथे ती सकाळी कामाला गेली आणि अकरा-सव्वाअकराला शाळेत निघून गेली. संध्याकाळी कंत्राटदारीणबाईंची गहूपोत सापडेना. गळ्यातली, गव्हाएवढ्या मण्यांची, जुनी, सोन्याची, सासूने दिलेली. आणि त्यांच्या नागपूरच्या जावयाने पोलिसांना सांगितलं, की मी रुख्माबाईला बेडरूममधून ओच्यात काहीतरी लपवून निघताना डोळ्यांनी पाहिलं.

झालं! पोत काही मिळाली नाही, पण चोरीचा गुन्हा लागला. शाळेने सांगितलं, निकाल लागेपर्यंत येऊ नका, आणि शिक्षा झाली तर कधीच येऊ नका. पहिल्या वकिलाने तारखांवर तारखा घेतल्या. सिंधूने मला फोन केला, "ताई, तुह्या ओळखीचा एखादा वकील पाह्य ना. बाई वाळून चालली."

मी रुख्माबाईला घेऊन साहेबांच्या समोर उभी केली. ते भाडेकराराला टाचण्या मारत होते. मान वर न करता म्हणाले, "मी केसा घेत नाई."

रुख्माबाई म्हणाली, "मी नाई नेली जी पोत."

"सगळे असंच म्हणतात, बाई."

"मंग ज्यानं नाई नेली त्यानं काय म्हनाव?"

साहेबांच्या हातातली टाचणी थांबली. मग विचारलं, "कधी गेली पोत?"

"रोडग्याचं जेवन होतं, तवा."

"आचारी कोन होता?"

मी कपाळाला हात लावला. बाईचं घर बुडायची पाळी आणि हे आचाऱ्याचं नाव विचारतात! पण ते टाचणी ठेवून खुर्चीत नीट बसले. रुख्माबाईला आणखी चार प्रश्न विचारले: आचारी किती वाजता आला, तू निघाली तेव्हा विस्तवाचं काय चाललं होतं, जावई कधी आला. ती म्हणाली, "जावई मले दिसलाच नाई. मी निंगाली तवा नुसता धूर होता. गोवऱ्या पेटतच नोयत्या."

साहेबांनी पोलिसांचे कागद मागवले. जावयाचा जबाब वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला, मग पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "वकीलपत्र टाइप करा, ताई. एकच अट हाय. या केसमंधी आपण मुदत मागाची नाई. मी मेलो तरी नाई."

तेव्हापासून आमच्या अकोल्याच्या खेपा सुरू झाल्या. साहेब, मी आणि ती कपाशीची पिशवी. बडनेऱ्याहून गाडी धरायची. साहेब खिडकीशी बसायचे आणि डोळे मिटून पुटपुटायचे. मला वाटायचं जप करतात. एकदा कान देऊन ऐकलं तर, "विस्तव एक तास... भाजणी पाऊण तास... झटकणं, नैवेद्य..." म्हटलं, गेलं हे माणूस हातचं.

एका तारखेला त्यांना चांगला ताप होता. गळ्याला मफलर, डोळे लाल. रुख्माबाईच म्हणाली, "साहेब, तारीख घ्या जी. कोर्टाले दिसतेच तुमाले बरं नाई."

"नाई. इतके वर्ष ताप खोटा होता तरी जज साहेबानं खरा मानला. आता खरा हाय तर त्याले दाखवाची लाज वाटते." आणि मफलर सोडून माझ्याकडे दिला अन् आत गेले.

त्या दिवशी कंत्राटदारीणबाईंची साक्ष होती. जज मॅडम सांगलीकडच्या, नव्यानेच बदलून आलेल्या, तरुण. सरकारी वकील आमच्या इकडचेच, ढेरपोटे, मनाने बरे. साहेब उलटतपासणीला उठले. मला वाटलं, पोत कधी काढली, कपाटाला कुलूप होतं की नाही, असं काही विचारतील. तर पहिला प्रश्न, "बाईसाहेब, त्या दिवशी रोडगे चांगले झाले होते म्हणे?"

बाई एकदम फुलल्या. "मंग काय! अजून नाव काढतात लोक."

सरकारी वकील उठले, "मॅडम, रोडग्यांचा इथे संबंध काय?"

जज मॅडमनी विचारलं, "रोडगा म्हणजे नेमकं काय?"

मग काय विचारता! साहेबांनी कणीक मळली, गोळे वळले, गोवऱ्या रचल्या. सगळं तोंडाने. हॉलमध्ये माणूस हलेना. सरकारी वकील मध्येच म्हणाले, "वांग्याच्या भाजीत खसखस नाही सांगितली तुम्ही." कारकूनबाई टाइप करायची थांबली होती. शेवटी जज मॅडम म्हणाल्या, "वकीलसाहेब, ही उलटतपासणी आहे की स्वयंपाक?"

"विस्तव बसून राह्यला, मॅडम. थोडा दम धरावा, ही विनंती."

आणि त्या गोडीगुलाबीत बाईंनी सगळं सांगून टाकलं. आचारी उशिरा आला, म्हणून गोवऱ्या पेटवायलाच अकरा वाजले. घाई करा म्हणून पाहुणे म्हणत होते, पण बाईंनी ठणकावून सांगितलं, निखारा पडल्याशिवाय एक गोळा आत जाणार नाही. रोडगे निघाले एक वाजून गेल्यावर. देवाला नैवेद्य दाखवला आणि दीडला पहिली पंगत बसली. "माह्या घरी आजपावतर कोनी कच्चा रोडगा खाल्ला नाई," असं त्या छातीला हात लावून म्हणाल्या. साहेबांनी हात जोडले. "बाईसाहेब, तुमच्या हाताले धन्य हाय." आणि बसले.

मी बाहेर येऊन त्यांच्यावर चिडले. "साहेब, पोतीचं एक अक्षर विचारलं नाही तुम्ही!" रुख्माबाई तर रडायलाच लागली. साहेब मफलर गुंडाळत म्हणाले, "जावयाले येऊ द्या."

पण जावई येतो कशाला! एकदा म्हणे डेंग्यू झाला. एकदा कचेरीचं तातडीचं काम. प्रत्येक वेळेस त्यांच्या बाजूने मुदतीचा अर्ज. साहेब तो अर्ज हातात घेऊन वाचायचे आणि बाहेर आल्यावर मला म्हणायचे, "ताई, 'अपरिहार्य कारणास्तव' टाकलं पाहा. हे तर आपलं वाक्य! आपल्यावरच उलटून राह्यलं." हसायचे, पण रुख्माबाईकडे पाहून हसू जायचं. दर तारखेला ती आणखी वाळलेली दिसायची. लेक म्हणत होती, मी शिक्षण सोडते.

तिसऱ्या वेळेस अर्ज आला, जावयाच्या पत्नीच्या आजीचं निधन झालं. साहेब उभे राहिले.

"मॅडम, आजी खरंच गेल्या का, याची चौकशी व्हावी. या विषयातला मी जाणकार आहे."

"कसे काय?"

"अनुभवाने."

सरकारी वकिलांनी तोंडाला रुमाल लावला. सगळ्या वऱ्हाडातल्या बाररूमना ती सासूबाईंची गोष्ट माहीत होती. मॅडमना नव्हती; पण त्यांनी सांगितलं, पुढच्या तारखेला साक्षीदार आला नाही तर वॉरंट काढते. आला मग! इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, केसांना जेल.

सरकारी वकिलांच्या प्रश्नांना त्याने घडाघडा उत्तरं दिली. अकरा वाजता बाई बेडरूममधून निघाली, ओच्यात हात होता. इतकं पाठ झालेलं की स्वल्पविरामसुद्धा ऐकू यायचे. मग साहेब उठले. कोटाची बटणं लावली. खालचं बटण लागतच नव्हतं, ते त्यांनी तसंच सोडलं.

"जावईबापू, तुमी या घरचे मोठे जावई?"

"हो."

"मान असन मोठा."

"आहे."

"पोलिसाले तुमी सांगितलं, की तुमी त्या जागी थांबले म्हून बाई दिसली. काहून थांबले होते?"

"हातात रोडगा होता. गरम होता. चटका बसला म्हणून थांबलो."

"विसरून तं नाई बोलून राह्यले? पोळी असन, बिस्कुट असन."

"नाही. रोडगाच. पोलिसांनाही तेच सांगितलं मी. चांगला आठवतो. वाफ निघत होती."

"अकरा वाजता?"

"अकरा, सव्वाअकरा. घड्याळ पाहिलं होतं मी."

साहेब दोन पावलं पुढे गेले. आवाज अगदी मऊ. "जावईबापू, रोडगे भाजाले किती वेळ लागते?"

जावई गोंधळला. "लागत असतील... दहा-पंधरा मिनिटं."

तुम्हाला सांगते, हॉलमधून असा एक आवाज आला ना, जसा कोणी भरल्या ताटाला पाय लावल्यावर येतो! सरकारी वकिलांनी डोळे मिटले. शिपाईसुद्धा भिंतीकडे तोंड करून हसायला लागला.

"तुमी कधी रोडग्याच्या विस्तवापाशी बसले हाय?"

"मी कशाला बसू? मला ताटावर बोलावतात."

"तेच तं!" साहेब जज मॅडमकडे वळले. "मॅडम, जावयाले आमच्या इकडे ताटावरच बोलावतात. त्याले वाटते, रोडगा आभाळातून तुपात पडते. दोष त्याचा नाई, आमच्या लाडाचा हाय. पण याच घरच्या बाईसाहेबांनी याच कोर्टात शपथेवर सांगितलं, की अकराला गोवऱ्या पेटल्या आणि रोडगे निघाले एकच्या नंतर. तर सव्वाअकराला यांच्या हातात वाफाळता रोडगा आला कुठून?"

जावई म्हणाला, "मग एक वाजून गेल्यावर पाहिलं असेल."

"एक वाजता रुख्माबाई शाळेत होती. पावणेबाराची तिची हजेरीतली सही कोर्टापुढे हाय."

"मग... मग पोळीच असेल हातात. आत्ता आठवलं. पोळी."

आणि तेव्हा मागच्या बाकावरून कंत्राटदारीणबाई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पण सगळ्या अकोल्यासमोर त्यांच्या स्वयंपाकाची अब्रू चालली होती!

"आमच्या घरी रोडग्याच्या दिवशी पोळी होत नाई! काय बोलून राह्यले जावईबापू? लोक काय म्हनतीन? तुमी तं दोनच्या पंगतीले आले होते! मीच वाढलं तुमाले!"

जज मॅडमनी बाईंना खाली बसायला सांगितलं आणि मग सरकारी वकिलांना सांगून त्यांना रीतसर परत बोलावून तेच पुन्हा शपथेवर वदवून घेतलं. जावयाने पाणी मागितलं. साहेब म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत," आणि खुर्ची चाचपडत बसले. त्यांचे डोळे भरले होते. कोणी पाहू नये म्हणून पिशवीत डोकं घालून कागद शोधायचं नाटक करत होते. पिशवीत काहीच नव्हतं, सगळे कागद टेबलावर होते.

रुख्माबाई निर्दोष सुटली. पोत कोणी नेली, हे त्या कोर्टाने विचारलं नाही. बाईंच्या घरी मात्र विचारलं असणार, कारण पुढे जावई ताटावर यायचा कमी झाला असं सिंधू सांगायची.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "साहेब, आता तरी ते धारणीचं मनातून काढा. फिटलं ते."

ते खिडकीबाहेर पाहत होते. "नाई फिटत, ताई. ते वेगळं, हे वेगळं. त्याची माय तिकडं गेली ते गेलीच. याच्यातून ते वजा होत नाई." मग पिशवी मांडीवर ओढून म्हणाले, "पण आज कोनी विचारलं, कुठं होता, तं सांगता येईन."

निकालानंतर वाटलं, झालं. पण शाळा रुख्माबाईला घेईना. आधी निकालाची प्रत आणा. प्रत दिली, तर म्हणे संस्थेची सभा होऊ द्या. सभा झाली, तर अध्यक्ष बाहेरगावी. दोन महिने गेले. रुख्माबाई रोज फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. कोर्टाने सोडलं तरी गल्लीतल्या बाया तिच्याकडे पाहून पदर सावरायच्या. जोपर्यंत शाळा घेत नाही तोपर्यंत तिची चोरी काही पुसत नव्हती.

साहेब मला म्हणाले, "चला अकोल्याले." अंगात बळ नव्हतं तेव्हा त्यांच्या, दोन पायऱ्या चढले की थांबायचे. शाळेसमोर ऑटो थांबवला. मला म्हणाले, "तुमी बसा, गुडघे दुखतात तुमचे," आणि एकटेच आत गेले. मी ऑटोत बसून शाळेच्या खिडकीतून आत पाहत होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत खुर्चीवर बसले, मांडीवर पिशवी. मुख्याध्यापक हात हलवून काही सांगत होते. साहेब मान हलवत होते, पण उठत नव्हते. तासभर झाला. ऑटोवाला वैतागला, "काकू, झोपले का वकीलसाहेब?" झोपले नव्हते. दुसरा तास लागला. मुख्याध्यापक दोनदा बाहेर जाऊन आले, तरी हे खुर्चीत तसेच. शेवटी मुख्याध्यापकांनी फोन लावला, कोणाशी तरी बोलले, एक कागद काढला आणि सही केली.

रुख्माबाई फाटकाशी उभी होती. तिला आत बोलावलं. ती गेली. थोड्या वेळाने व्हरांड्यात आली, पदर खोचला, लोखंडी पट्टीवर तीन टोले मारले. मधली सुट्टी.

नेमके त्याच वेळेस साहेब मैदानातून फाटकाकडे येत होते. वर्गांतून पोट्टे सुटले आणि ते मध्येच सापडले. कोण धावतं, कोण ढकलतं, एकाचा डबा सांडला. एवढ्या निळ्या कपड्यांच्या लोंढ्यात एकच काळा कोट, आणि ती कपाशीची पिशवी दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली. पुढे येता येईना, मागे जाता येईना. एका पोट्टीने कोट ओढून विचारलं, "तुमी इन्स्पेक्शनले आले का जी?"

"नाई," साहेब म्हणाले. एवढ्या गोंगाटात मला ऑटोपर्यंत ऐकू आलं, कारण ते कोर्टात बोलतात तसे बोलले. "मी रुख्माबाईचा वकील."

"कोन रुख्माबाई?"

त्यांचे दोन्ही हात वर अडकलेले. म्हणून त्यांनी हनुवटीने व्हरांड्याकडे दाखवलं. पोट्टीने वळून पाहिलं, "हां, ते होय," म्हणाली आणि खेळायला पळाली.